लपून बसलेली उष्णता

चिंगे, त्या बटाट्यांखालचा गॅस बारीक कर बरं. पाणी खळखळा उकळतंय ना? मग आता आच कितीही वाढव, साध्या पातेल्यातलं पाणी 100 अंशांपुढे जायचं नाही. बटाटेही लवकर शिजायचे नाहीत. वाफ तेवढी जास्त होईल.

मग ही सगळी आच जाते कुठे? स्कॉटलंडमध्ये, ग्लासगोच्या विद्यापीठात शिकवणाऱ्या जोसेफ ब्लॅकला असाच प्रश्न पडला होता, पण बर्फाबद्दल. लोक तेव्हा समजत, बर्फ वितळायच्या बेताला आला की जराशा उबेनं त्याचं पाणी होतं. ब्लॅक म्हणाला, तसं असतं तर हिवाळा सरताच डोंगरावरचा बर्फ एका दमात वितळून महापूरच आले असते की! प्रत्यक्षात तो किती दिवस रेंगाळतो.

1761 च्या सुमाराची गोष्ट. त्यानं दोन सारखे काचेचे चंबू एका मोठ्या दालनात टांगले. एकात बर्फासारखं गार पाणी, दुसऱ्यात तेवढ्याच वजनाचा बर्फ. पाणी अर्ध्या तासात चारेक अंशांपर्यंत चढलं. बर्फाला वितळून तिथवर यायला लागले साडेदहा तास! 21 पट वेळ, आणि दालन तेच, ऊब तीच. इतका वेळ आत शिरत होती ती उष्णता तापमापीला दिसलीच नाही. बर्फाच्या कणांची एकमेकांना घातलेली घट्ट मिठी सोडवण्यातच ती खर्ची पडत होती. हिलाच आपण अप्रकट उष्मा म्हणतो. किती सुरेख नाव आहे!

एक ग्रॅम बर्फ वितळवायला 80 कॅलरी लागतात. एक ग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करायला मात्र तब्बल 540. त्याच विद्यापीठात यंत्रं दुरुस्त करणाऱ्या जेम्स वॅटला आढळलं, की थोडीशी वाफ आपल्या सहापट वजनाच्या गार पाण्याला उकळी आणते. चकित होऊन त्यानं ब्लॅकला गाठलं, तेव्हा उलगडा झाला. वाफेचं पुन्हा पाणी होताना लपलेली सगळी उष्णता बाहेर पडते. म्हणून तर उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका जास्त भाजतो.

आता झाकण काढ. अंहं, तसं नाही. आधी पलीकडची कड उचल, वाफ तिकडे जाऊ दे.