फ्रीज थंड करत नाही, म्हणजे नेमकं काय झालंय?

मंडळी, दुरुस्तीच्या कामात असलेल्या आम्हा लोकांना फोनवर सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे, "अहो, फ्रीज थंड करत नाहीये." आणि त्याच्या पाठोपाठ येणारं दुसरं, "गॅस संपला असेल, नाही का?" आज आपण मुख्यतः या दुसऱ्या वाक्याबद्दल बोलणार आहोत. कारण न गेलेला गॅस भरण्यात लोकांचे पैसे जातात आणि खरा बिघाड तसाच राहतो.

आधी एक गोष्ट पक्की करू. फ्रीज थंडी तयार करत नाही, तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबलेला गरम गॅस बाहेरच्या जाळीत उष्णता सोडून द्रव होतो. तो द्रव केसासारख्या बारीक नळीतून फ्रीजरच्या कॉइलमध्ये येतो, तिथे उकळतो आणि उकळताना आतली उष्णता शोषून घेतो. मग परत कॉम्प्रेसरकडे. ही वाट पूर्ण बंद असते, झाळून पक्की केलेली. स्वयंपाकाच्या सिलिंडरमधला गॅस जळतो म्हणून संपतो. फ्रीजमधला नुसता फिरत राहतो. पंधरा वर्षं फिरला तरी तेवढाच असतो. तो कमी झाला असेल तर नळीला कुठेतरी भोक आहे, आणि ते न शोधता नुसता गॅस भरला तर तो पुन्हा जाणार. "गॅस भरावा लागेल" असं कोणी म्हटलं, की आपण विचारायचं, "लीकेज कुठे सापडलं?"

आता घरी काय बघता येतं ते सांगतो. स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा नाही, फक्त बघायचं आणि ऐकायचं.

तुमचा फ्रीज दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री आहे आणि वर फ्रीजरमध्ये बर्फ होतोय, पण खाली दूध नासतंय, असं असेल तर गॅसवर शेवटी संशय घ्या. या फ्रीजमध्ये कॉइल फ्रीजरच्या मागच्या पॅनेलआड असते आणि एक पंखा तिथली थंड हवा खाली पाठवतो. कॉइलवर जमणारं हिम वितळवायला दिवसातून काही वेळा एक हीटर आपोआप चालू होतो. हा हीटर, त्याचा सेन्सर किंवा टायमर बंद पडला की कॉइलवर बर्फाची भिंत उभी राहते, हवेची वाट बुजते आणि खालचा कप्पा तापतो. कधी पंख्याची पाती बर्फाला घासल्याचा खरखर आवाजही येतो.

याची परीक्षा घरच्या घरी होते, फक्त धीर लागतो. सामान शेजाऱ्यांकडे ठेवा, प्लग काढा, दोन्ही दारं उघडी ठेवून पूर्ण दिवसभर फ्रीज तसाच राहू द्या. खाली जुने पंचे अंथरा, पाणी बरंच येतं. नंतर चालू केल्यावर फ्रीज काही दिवस उत्तम चालला आणि मग पुन्हा खालचा कप्पा तापला, तर दोष बर्फ वितळवणाऱ्या यंत्रणेत आहे. गॅस गेलेला असता तर ते मधले चांगले दिवस आलेच नसते. मेकॅनिकला हे एवढं सांगितलंत तरी बोलणं योग्य जागी सुरू होतं.

एका दाराच्या साध्या फ्रीजची गोष्ट वेगळी. तिथे बर्फ तुम्हालाच काढायचा असतो, थर्मोस्टॅटच्या मधलं बटण दाबून. अर्धा सेंटिमीटर थर झाला की काढावा, कारण बर्फाचा थर गोधडीसारखं काम करतो आणि थंडावा आत पोचत नाही. इथे एक कळकळीची विनंती. घाई असते, पाहुणे येणार असतात, आणि कोणीतरी सुरी किंवा कालथा घेऊन बर्फ खरवडायला लागतं. फ्रीजरची ती पातळ ॲल्युमिनिअमची भिंत म्हणजेच कॉइल. गॅस तिच्यातूनच वाहतो. एक टोचा लागला की "फुस्स" आवाज येतो आणि त्या वेळी मात्र गॅस खरंच जातो. आजच्या बहुतेक घरगुती फ्रीजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. ओझोनला त्याचा त्रास नाही, पण तो पेट घेतो. असा आवाज आला तर शेगडी बंद करा, खिडक्या उघडा. फ्रीजचा प्लग किंवा इतर बटणं लगेच चालू-बंद करू नका, त्यातूनही ठिणगी पडते. आधी खोलीत वारा खेळू द्या.

दाराचं रबर. दहाची नोट दारात अडकवून दार लावा आणि ओढा. अलगद निघून आली तर तिथून हवा आत येतेय. असं चारी बाजूंनी करायचं. बऱ्याचदा रबर फाटलेलं नसतंच, त्याच्या घड्यांत सरबत आणि आमरस वाळलेला असतो. कोमट साबणपाण्यानं पुसलं की पुन्हा चिकटतं. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत फ्रीजच्या बाहेरून घाम येतो, तो मात्र दमट हवेमुळे. त्याला बिघाड समजू नका.

भाजीच्या ट्रेखाली पाणी साचतं? मागच्या भिंतीच्या तळाशी पाणी जायला एक छोटं छिद्र असतं, त्यात कोथिंबिरीची काडी बसलेली असते. सुई काढलेल्या सिरिंजनं कोमट पाणी सोडा. झालं.

आवाजांविषयी थोडंसं. कॉम्प्रेसर थांबल्यावर खळखळ ऐकू येते, ती द्रव वाहण्याची. मधूनच "कट्" असं वाजतं, ते प्लास्टिक आकसण्याचं. इन्व्हर्टर कॉम्प्रेसर जवळजवळ सतत हळू चालू असतो, त्याची रचनाच तशी. पण दर दोन-चार मिनिटांनी "टिक", थोडी घरघर, पुन्हा "टिक", आणि मोटर काही सुरू होत नाही, असं असेल तर फ्रीज लगेच बंद करा. कॉम्प्रेसर सुरू व्हायचा प्रयत्न करतोय आणि संरक्षक स्विच त्याला तोडतोय. संध्याकाळी व्होल्टेज पडणाऱ्या गावांत हे नेहमीचं. कधी रिले गेलेला असतो, तो काहीशे रुपयांत बदलतो. तसंच रेटत राहिलात तर कॉम्प्रेसर जळतो आणि खर्च हजारांत जातो. वीज जाऊन लगेच आली तरी पाच मिनिटं थांबूनच फ्रीज चालू करावा, कारण नळीतला दाब सारखा व्हायला वेळ लागतो. वेळ लावून चालू होणारा स्टॅबिलायझर हेच काम आपोआप करतो.

आणि हे जरा नीट ऐका. काही घरांत फ्रीजपुढे रबरी पायपुसणं असतं आणि मुलांना सांगितलेलं असतं, "चप्पल घालूनच दार उघड, झिणझिण्या येतात." हा उपाय नाही! झिणझिण्या येतात म्हणजे वीज फ्रीजच्या पत्र्यावर उतरलीय आणि अर्थिंग नाही किंवा तुटलंय. त्या क्षणी मेन स्विच बंद करून मग प्लग काढा आणि वायरमनला बोलवा. ओल्या हाताचं, अनवाणी पोर उद्या त्याच दाराला हात लावणार आहे.

व्याख्यान संपल्यावर श्रोत्यांमधल्या एक बाई म्हणाल्या, "माझ्या मिस्टरांचं इन्सुलिन फ्रीजमध्ये असतं. लाइट गेली की जीव टांगणीला लागतो."

ताई, न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. ते फ्रीजर किंवा त्याखालच्या चिलर ट्रेमध्ये नको आणि मागच्या भिंतीला टेकवूनही नको, कारण एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकूनच द्यावं लागतं. दारातही नको, तिथे तापमान सारखं बदलतं. मधल्या फळीवर, डब्यात ठेवा. वीज गेली तर दार उघडूच नका. बंद दाराआड साधारण चार तास थंडावा टिकतो. एक साधा थर्मामीटर आणून पाण्याच्या पेल्यात घालून रात्रभर मधल्या फळीवर ठेवा. सकाळी ५ अंशांच्या वर दिसला तर नॉब मोठ्या आकड्याकडे फिरवा. मोठा आकडा म्हणजे जास्त थंड, इथे पुष्कळांची गफलत होते. २ च्या खाली दिसला तर उलट. फिरवल्यावर एक दिवस जाऊ द्या आणि मगच पुन्हा बघा.