दहा तारा, तीन पेडल आणि एक निवड

अमेरिकेत लांबच्या प्रवासाला निघालं आणि गाडीतल्या रेडिओवर कंट्री संगीताचं एखादं केंद्र लागलं, की गायकाच्या मागून एक लांबत जाणारा, काहीसा रडवेला आवाज ऐकू येतो. व्हायोलिन म्हणावं तर नाही, सारंगी म्हणावी तर नाही. सूर एका जागेवरून उठतो, कुठेही न तुटता दुसऱ्या जागी जाऊन बसतो. आणि गंमत म्हणजे त्याच्या शेजारचा सूर त्या वेळी आपल्या जागी निश्चल उभा असतो. हा आवाज पेडल स्टील गिटारचा. टेक्सासमध्ये वीसहून अधिक वर्षं काढल्यावर मला तो आवाज चांगला ओळखीचा होता. वाद्य मात्र अनोळखी होतं. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी ते शिकायचं मनावर घेतलं, तेव्हा लक्षात आलं की शिकणं ही पुढची गोष्ट. आधी वाद्य निवडायचं आहे, आणि ज्याला वाजवता येत नाही त्यानं ते निवडायचं आहे!

हा पेच केवळ माझा नाही. आपल्या घरांतून मुलांसाठी पेटी, तबला, सतार घ्यायची वेळ येते तेव्हा हाच प्रश्न उभा राहतो आणि त्याचं ठरलेलं उत्तरही तयार असतं: "आधी साधंसं घेऊ. टिकला, तर पुढे चांगलं घेऊ." ऐकायला हे शहाणपणाचं वाटतं. पेडल स्टीलच्या निमित्तानं या शहाणपणाचा मला जरा नीट विचार करावा लागला.

मुळात हे वाद्य आपल्याला अगदीच परकं नाही. त्याचं मूळ हवाई बेटांवरचं. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू या तरुणानं गिटार मांडीवर आडवी ठेवून तारांवरून पोलादाचा तुकडा फिरवण्याची पद्धत रुळवली, असं मानलं जातं. 1915 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनानंतर या हवाईयन संगीताचं अमेरिकेला वेडच लागलं. पुढे तिकडचे कलावंत जगभर फिरले. ताऊ मो हे हवाईयन वादक 1940 च्या दशकात सहकुटुंब कलकत्त्यात राहिले आणि तिथे अनेकांना ही गिटार लागली. व्हॅन शिपले, सुनील गांगुली यांनी वाजवलेल्या सिनेगीतांच्या तबकड्या आपल्यापैकी कित्येकांनी ऐकल्या असतील. ब्रिजभूषण काबरा यांनी हीच गिटार रागसंगीतात आणली. 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये शिवकुमार शर्मांचं संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांची बासरी यांच्याबरोबर त्यांची गिटार आहे. म्हणजे पेडल स्टीलची ही थोरली बहीण आपल्या घरात केव्हाच येऊन बसलेली आहे.

मग धाकटीचं वेगळेपण काय? हवाईयन गिटारवर पोलादी कांडी सरकवली की सगळ्या तारांचे सूर एकदमच वर किंवा खाली जातात. एकाला थांबवून दुसऱ्याला हलवायचं, हे कांडीला सहजी जमत नाही. त्यावर उपाय म्हणून तारा खेचणारी पेडलं बसवण्याचे प्रयोग झाले. गिब्सन कंपनीनं 1940 च्या सुमारास तसं एक वाद्य काढलंही. पण खरा चमत्कार 1954 मध्ये घडला. वेब पियर्स या गायकाचं 'स्लोली' हे गाणं त्या वर्षी गाजलं. त्यात बड आयझॅक्स या वादकानं तारा वाजत असतानाच पेडल दाबलं आणि एका सुराला दुसऱ्याच्या अंगावरून सरकवलं. लोकांनी असलं काही ऐकलंच नव्हतं. त्यानंतर कंट्रीचे वादक आपापल्या गिटारींना पेडलं बसवून घेण्याच्या मागे लागले.

आपल्या भाषेत सांगायचं, तर सरोदिया बोट सरकवून मींड काढतो आणि सतारिया तार खेचून. पेडल स्टीलमध्ये या दोन्ही गोष्टी एकत्र नांदतात: डाव्या हातातली कांडी सरकते आणि डावा पाय तार खेचतो. सर्वाधिक प्रचलित असलेली जुळणी 'ई-नाइन' या नावानं ओळखली जाते. तिचा मुख्य सूर षड्ज मानला, तर वादकापासून सर्वांत लांबच्या तारेपासून सुरुवात करून दहा तारा अशा लागतात: रे, नी, ग, सा, प, ग, रे, सा, कोमल नी आणि प. पहिलं पेडल दाबलं की पंचमाचा धैवत होतो. दुसरं दाबलं की गांधाराचा शुद्ध मध्यम होतो. दोन्ही एकदम दाबली की 'सा-ग-प'चा 'सा-म-ध' होतो, आणि षड्ज जागचा हलत नाही! रेडिओवर ऐकू येणारं ते विरघळणं हेच. याशिवाय गुडघ्यांनी ढकलायच्या दांड्या असतात. त्यांना नी-लिव्हर म्हणतात. एकीनं षड्ज निषादापर्यंत उतरतो, दुसरीनं कोमल ऋषभापर्यंत चढतो. उजवा पाय आवाज कमी-जास्त करणाऱ्या वेगळ्या पेडलवर. थोडक्यात, दोन हात, दोन पाय, दोन गुडघे आणि दोन कान यांना एकाच वेळी कामाला लावणारं हे वाद्य आहे.

आता निवडीकडे येऊ. बाजारात एका गळ्याच्या आणि दोन गळ्यांच्या अशा गिटारी दिसतात. दोन गळ्यांची मोठी रुबाबदार दिसते. एका गळ्यावर ई-नाइन, दुसऱ्यावर स्विंग आणि जॅझला सोयीची 'सी-सिक्स' जुळणी. पण पेटीसकट तिचं वजन तीस किलोच्या घरात जातं आणि पहिली काही वर्षं दुसऱ्या गळ्याला नवशिक्याचा हात क्वचितच लागतो. उलट टोकाला, कमी पैशांतल्या काही जुन्या विद्यार्थी-गिटारींना तीन पेडलं असली तरी नी-लिव्हर एखादंच असतं. त्यांवर सुरुवात होते. पण आजचे धडे साधारणपणे तीन पेडलं आणि चार नी-लिव्हर धरून बेतलेले असतात. चौथ्या-पाचव्या महिन्यातच धड्यात असलेली दांडी आपल्या गुडघ्याला सापडत नाही. म्हणून एक गळा, दहा तारा, तीन पेडलं आणि चार नी-लिव्हर हा पहिल्या खरेदीचा सरळ हिशेब. काहीजण विचारतात, आधी साधी मांडीवरची स्टील गिटार घेतली तर? अवश्य घ्यावी. कांडी धरण्याचा, ती नेमकी पट्टीवर आणण्याचा सराव तिच्यावर उत्तम होतो आणि तो पुढे वाया जात नाही. आपल्याकडे साध्या गिटारच्या तारा उंच करून हे करता येतं. पायांचं गणित मात्र पेडलवरच बसून शिकावं लागतं.

इथपर्यंतची माहिती कुणीही देईल. मला सावध केलं ते माझ्या एका सहकाऱ्याच्या अनुभवानं. त्यानं माझ्या आधी दोन वर्षं हे वाद्य घेतलं होतं. जुनं, स्वस्तातलं, "नवशिक्याला पुरे" म्हणून विकलेलं. ऑफिसातून आल्यावर हा माणूस रोज तासभर बसायचा. पेडल दाबलं की सूर चढायचा. सोडलं की मूळ जागी परत यायचा नाही, किंचित वर लटकून राहायचा. हा पुन्हा जुळवायचा, पुन्हा दाबायचा, पुन्हा तेच. आठ महिन्यांनी त्यानं निष्कर्ष काढला की आपल्याला कानच नाहीत. पुढे मी ज्यांच्याकडे शिकू लागलो त्या शिक्षकांना घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो. पंचाहत्तरीचे गृहस्थ, उभी हयात नाचघरांतून वाजवण्यात गेलेली. त्यांनी गिटार उलटी केली, आतल्या सळ्या आणि झिजलेले सांधे बघितले आणि शांतपणे सांगितलं की ही गिटार कुणालाच सुरात वाजवता येणार नाही. सहकारी थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "आठ महिने मी स्वतःला बेसूर समजत होतो." दुसरं वाद्य घे म्हणून मी त्याच्या खूप मागे लागलो. तो पुन्हा बसला नाही.

स्वस्त वाद्याचा खरा खर्च हा असा असतो. मुरलेला वादक वाईट वाद्याचा दोष ओळखतो आणि त्याला वळसा घालून जातो. नवशिक्याला ते कळत नाही. तो प्रत्येक दोष स्वतःच्या नावावर मांडून ठेवतो. म्हणून साधं वाद्य चालेल, जुनं चालेल, पोचे पडलेलं चालेल. पण सुरात न राहणारं चालणार नाही. आणि या बाबतीत नवशिक्याची गरज उस्तादापेक्षा मोठी आहे.

शिक्षकांनी मला तपासणीची जी रीत सांगितली ती अशी. आधी गिटारपुढे बसा. पायांची उंची आपल्याला जमते का, चारही दांड्या गुडघ्यांच्या टप्प्यात येतात का, ते पाहा. मग पंचमाची पाचवी तार ट्यूनरवर नीट लावा. पहिलं पेडल दहा वेळा दाबा आणि सोडा. दर खेपेला पंचम त्याच जागी परतला पाहिजे. हीच चाचणी प्रत्येक पेडलची, प्रत्येक दांडीची. त्यानंतर षड्जाची चौथी तार छेडून पहिली दोन पेडलं एकदम दाबा. या तारेला ती खेचत नाहीत. तरीही सूर जरासा उतरलेला दिसेल, कारण ताण वाढला की गिटारचं अंगच किंचित वाकतं. थोडं उतरणं बहुतेक गिटारींत असतंच. कानाला खुपण्याइतकं उतरत असेल, तर नमस्कार करून उठावं. शेवटी खाली वाकून सळ्या, सांधे, पाय आणि पेडलं मोजून घ्यावीत आणि तिचे सुटे भाग अजून मिळतात का, हे विचारावं.

मी एक जुनी गिटार पाहायला गेलो तेव्हा सौभाग्यवतींनाही बरोबर नेलं. तिला पेडलमधलं काही कळत नव्हतं. पण सांगलीला आठ वर्षं गाणं शिकलेली असल्यामुळे सूर कळत होता. ती पाठ करून बसली. विकणारे गृहस्थ पेडल दाबत-सोडत होते आणि ही दर वेळी "आला", "आला" म्हणत होती. सातव्या खेपेला त्यांनी गंमत म्हणून पेडल अर्धवट सोडलं. ही लगेच म्हणाली, "नाही आला." त्या अमेरिकन माणसाला मराठी येत नव्हतं, पण तो खो-खो हसला. सांधेदुखीमुळे त्यांची बोटं चालेनाशी झाली होती, म्हणून ते गिटार काढत होते. बारा वर्षं वापरलेली, कडांचा रंग उडालेली. पण आतून घड्याळासारखी स्वच्छ. तीच आम्ही घेतली. परतताना सौ. म्हणाली, "अहो, गाडीचे टायर बदलायचे राहिलेत, ते आता पुढच्या महिन्यात बरं का!"

पैशांचं सांगायचं, तर नवी, चांगली विद्यार्थी-प्रतीची पेडल स्टील साधारण दीड-दोन हजार डॉलरच्या आसपास पडते आणि व्यावसायिकांची त्याच्या दुपटीच्या पुढे जाते. शिवाय आवाजाचं पेडल, अॅम्प्लिफायर, जड पोलादी कांडी, अंगठ्याची प्लॅस्टिकची आणि दोन बोटांच्या धातूच्या नख्या, जादा तारा हा संसार वेगळा. यांतला अॅम्प्लिफायर छोटा आणि जुना चालतो. आवाजाचं पेडल मात्र चांगलं घ्यावं, कारण त्यावरचा पाय वाजवताना सतत हलत असतो. गांधाराची तिसरी तार सर्वांत बारीक आणि ताणलेली, त्यामुळे तीच वरचेवर तुटते. तिच्या दोन-तीन जोड्या घरात असाव्यात.

हे वाद्य नेहमीच्या संगीताच्या दुकानात सहसा मिळत नाही. ते लहान कारखान्यांत, जाणत्या कारागिरांच्या हातून बनतं. मागणी नोंदवायची आणि वाट पाहायची. मला यात मिरज आठवते. तिथली सतार-तंबोऱ्यांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली आहेत, आणि 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. तिथे घरच्या मुलीसाठी पहिला तंबोरा घ्यायला गेलेला बाप कारागिराशी बोलतो, तंबोरा छेडून ऐकतो, जवारी लावून घेतो. खरेदीचा तोच खरा रस्ता आहे. बनवणाऱ्याला किंवा वाजवणाऱ्याला भेटून घेतलेल्या वाद्याबरोबर थोडंसं शिक्षणही घरी येतं. आमच्या गिटारवाल्या गृहस्थांनी पेटी बंद करण्याआधी मला दोन तास ती जुळवायला शिकवलं, आणि गांधार ट्यूनरच्या काट्यापेक्षा थोडा खाली, कानानं लावायचा, हे दाखवलं. तंबोऱ्यातून आपोआप उमटणारा गांधार ऐकलेल्या माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

तेव्हा येत्या दसऱ्याला किंवा पाडव्याला घरात पहिलं वाद्य येणार असेल, तर एवढंच करा. बजेट ठरलेलं असू द्या, पण दुकानात एकटे जाऊ नका. मुलाच्या शिक्षकांना विचारा, नाहीतर शेजारच्या भजनी मंडळातल्या पेटीवाल्या काकांना हात जोडून बरोबर न्या. पेटीचे सगळे स्वर एकेक करून दाबून पाहा, भाता दाबून धरा आणि हवा कुठून निसटते का ते ऐका. तबल्याची शाई कडेला सुटलेली नाही ना, आणि घरोघर ठोकून पाहिल्यावर तो सगळीकडे एकाच सुरात बोलतो ना, हे बघून घ्या. नक्षी, पॉलिश, चकचकीत खिळे यांवरचे पैसे खुशाल वाचवा. मूल पुढे टिकेल की नाही, हे आज कुणालाच सांगता येणार नाही. पण त्यानं सोडलंच, तर ते त्याच्या मनानं सोडावं. वाद्यानं त्याला खोटं सांगितलं म्हणून नव्हे.