पाण्यापर्यंत नेणारी गाडी

महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीच्या कुठल्याही ट्रॅक्टरवाल्याला दोन चाकांची ट्रॉली मागे घ्यायला सांगा. मान वळवून, स्टीअरिंग थोडे थोडे फिरवत तो ती गोठ्याच्या दारात नेमकी लावतो. ट्रॉलीचा मागचा भाग उजवीकडे न्यायचा तर स्टीअरिंग आधी डावीकडे फिरवायचे, हे त्याच्या हातांना पाठ असते. जेट स्की पाण्यात सोडणाऱ्याला हीच विद्या सगळ्यात आधी लागते.

जेट स्की म्हणजे पाण्यावरची मोटारसायकल. कावासाकी कंपनीने ती १९७३ मध्ये बाजारात आणली. तिला बाहेर फिरणारा पंखा नसतो. पोटाखालच्या जाळीतून पाणी आत ओढायचे आणि मागून जोराने फेकायचे, त्या धक्क्यावर ती पळते. बुडणाऱ्या माणसाच्या अगदी जवळ नेली तरी पात्याची भीती नसते, म्हणून गोव्याच्या किनाऱ्यांवरचे जीवरक्षक ती वापरतात. मात्र उथळ पाण्यात हाच पंप रेती, गोटे आणि शेवाळ आत ओढतो आणि खराब होतो. साधारण तीन फूट पाणी खाली असल्याशिवाय इंजिन चालवू नये, असा नियम आहे. दोन-तीन जणांच्या गाडीचे वजन तीन-चार क्विंटल भरते. ती उचलून नेता येत नाही आणि काठावरून चालवतही नेता येत नाही. मधले अंतर ट्रेलर पार करून देतो.

ट्रेलरची रचना साधी असते. एक आस, दोन चाके, वर कार्पेट गुंडाळलेल्या दोन लांब फळ्या आणि पुढच्या खांबावर पट्ट्याची हातविंच. विंचचा हूक जेट स्कीच्या नाकाखालच्या कडीत अडकतो. मागे दोन पट्टे आणि पुढे साखळी असते.

खरी तयारी पाण्यात जाणाऱ्या उतारावर येण्याआधी, कोरड्या जागेवर होते. मागचे पट्टे सोडायचे, ट्रेलरच्या दिव्यांची वायर काढायची आणि बुडाचे ड्रेन प्लग घट्ट बसवायचे. प्लग विसरला तर आत पाणी भरते. लांबून आलेल्या ट्रेलरची चाके लगेच पाण्यात घालू नयेत. तापलेले हब एकदम थंड झाले की आतली हवा आक्रसते, पाणी बेअरिंगमध्ये शिरते आणि ग्रीस वाया जाते. मग सावकाश मागे घ्यायचे. फळ्यांचा बराचसा भाग बुडाला की हँडब्रेक ओढायचा, विंचचा हूक सोडायचा आणि दोरी हातात धरून जेट स्की मागे ढकलायची. इंजिन सुरू करायचे ते पुरेशा खोल पाण्यात गेल्यावरच.

परत चढवताना ट्रेलर किती बुडवावा, यात कसब आहे. फार बुडवला तर जेट स्की फळ्यांवर तरंगत तिरकी होते. कमी बुडवला तर विंच फिरवताना दम निघतो. इंजिनाच्या जोरावर ती ट्रेलरवर चढवायचा मोह टाळावा. नाक फळ्यांच्या मध्ये आणून पुढचे काम विंचवर सोडावे. हँडलचा उपयोग पाण्याचा झोत सुरू असेपर्यंतच होतो. थ्रॉटल सोडला की गाडी सरळ पुढे जाते, आणि नवशिक्याला हे उशिरा कळते. वर आल्यावर साखळी आणि पट्टे बांधायचे, प्लग काढून पाणी निथळू द्यायचे.

फुलसावंगीला हे सारे दूरचे वाटेल, पण महागाव तालुका पूस आणि पैनगंगेच्या खोऱ्यात आहे. जुलै २०२३ मध्ये याच तालुक्यातल्या आनंदनगर तांड्याला पुराने वेढले. वायुदलाची हेलिकॉप्टरे मागवावी लागली, आणि राज्य आपत्ती प्रतिसाद दलाने माणसे बाहेर काढली. सप्टेंबर २०२१ मध्ये शेजारच्या उमरखेड तालुक्यात दहागावच्या पुलावरून एसटी बस वाहून गेली. पऱ्हाट्या आणि झाडोरा घेऊन येणाऱ्या गढूळ पुरात जेट स्कीची जाळी लगेच तुंबेल. ती इसापूर धरणासारख्या मोकळ्या जलाशयावर शोभते. पुरात रबरी किंवा फायबरची बोट बरी. पण बोट कुठलीही असो, ती पाण्यापर्यंत वेळेत पोचली पाहिजे. चिखलात रुतलेला ट्रेलर आणि गोंधळलेला ड्रायव्हर असेल तर सज्ज बोटही काठावरच राहते.

यासाठी लागणारे हात इथे आहेत. फुलसावंगीच्याच शेख इस्माईल ऊर्फ मुन्ना या तरुणाने वेल्डिंगच्या कामातून शिकत हेलिकॉप्टर घडवले, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये त्याची चाचणी घेताना जीव गमावला. त्याच्या जिद्दीला सुरक्षित वाट मिळायला हवी होती. आनंदनगरला जे झाले ते पुन्हा होऊ शकते. म्हणून ग्रामपंचायती आणि तालुका प्रशासनाने नदीकाठच्या मोठ्या गावांत एक तरी सिमेंटचा खडबडीत उतार बांधावा, बोटीसाठी एक मजबूत ट्रेलर ठेवावा, आणि दर मे महिन्यात गावच्या ट्रॅक्टरवाल्यांकडून त्यावर सराव करून घ्यावा. पूर आल्यावर हे शिकायला वेळ मिळत नाही.