नावावर अकरा गुन्हे, मग शिक्षा किती?
कोर्टाची पायरी : भाग ९

जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या स्थानिक पानावर अशी बातमी नवी नाही : सराईत दुचाकीचोर जेरबंद, नावावर अकरा गुन्हे. वाचणाऱ्याला वाटतं, आता हा काही लवकर सुटत नाही. कोर्टात मात्र त्या अकराचा हिशेब वेगळा असतो.

पोलीस दाखल गुन्हे मोजतात. त्या जोरावर हद्दपारीचा प्रस्ताव जातो, एमपीडीए या प्रतिबंधक कायद्याखाली स्थानबद्धता होते. शिक्षा वाढवायची तर न्यायाधीश पाहतात ते एवढंच : आधी दोषसिद्धी झाली आहे का? प्रलंबित खटले आणि निर्दोष सुटका तिथे धरली जात नाही.

तेही योग्य वेळी. जुन्या शिक्षेची तारीख आणि ठिकाण दोषारोपात लिहिलेलं असतं, पण नव्या गुन्ह्यात आरोपी दोषी ठरेपर्यंत तो भाग वाचून दाखवायचा नाही, असा कायदाच आहे. काल चोरी केली होती म्हणून आजचीही यानेच केली, असं मनात बसू नये. दोष सिद्ध झाला की मग जुन्या निकालाची प्रमाणित नक्कल पुढे येते. भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान एक आणि कमाल पाच वर्षं सक्तमजुरी.

आता बेरजेकडे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना ठार मारलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. खून पाच, मग जन्मठेपा एकापुढे एक का लावत नाहीत? आयुष्य एकच, ते दुसऱ्यांदा भोगायला उरत नाही. मुथुरामलिंगम खटल्यात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने हेच सांगितलं.

मुदतीच्या शिक्षांचं तसं नाही. एकाच खटल्यात पाच आणि तीन वर्षं झाली, तर एकत्रित भोगल्यास पाच, एकापाठोपाठ भोगल्यास आठ. कोणती पद्धत, हे गुन्ह्यांचं गांभीर्य पाहून न्यायाधीश ठरवतात. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत अशा बेरजेला वीस वर्षांची मर्यादा आहे. पूर्वी ती चौदा होती.

सराईताला खरा फटका बसतो तो वेगवेगळ्या खटल्यांत. मुदतीची एक शिक्षा भोगत असताना दुसऱ्या खटल्यात शिक्षा लागली, तर न्यायालयाने वेगळा आदेश दिला नाही तोवर दुसरी पहिली संपल्यावरच सुरू होते. म्हणून निकाल हातात आला की वर्षांचे आकडे मोजण्याआधी आदेशाची शेवटची ओळ पाहावी : शिक्षा एकत्रित भोगायच्या, की एकापाठोपाठ?

पुढील भागात : जळगावच्या घरकुल खटल्यात २०१९ साली शंभर कोटींचा दंड झाला. दंड भरलाच नाही तर काय?