माप लेकीचे, करवत दोघांची

लेक चोवीस वर्षांची झाली. नोकरी लागली, तीन महिन्यांनी दुसऱ्या शहरात रुजू व्हायचे आहे. वडील नुकतेच निवृत्त झालेले. दिवसभर दोघे एकाच घरात असतात, पण बोलणे होते ते ‘जेवलीस का?’ आणि ‘बँकेत जाऊन आलात का?’ एवढेच. मग एके दिवशी लेक म्हणते, ‘बाबा, मला सुतारकाम शिकायचंय. आधी कामाचं टेबल करू या का?’ वडिलांनी तरुणपणी चार पाट आणि एक फडताळ केलेले असते. ते लगेच पेन्सिल उचलतात. खरा पेच तिथेच सुरू होतो.

सुतारकामाला टेबल कशाला, असे अनेकांना वाटेल. गावचा सुतार जमिनीवर बसून, पायाच्या पंजांनी लाकूड धरून नांगरापासून दाराच्या चौकटीपर्यंत सारे करत आला. पण त्या बैठकीला लहानपणापासूनचा सराव लागतो. खुर्चीत बसून वाढलेल्या माणसाने तशी बैठक मारून रंधा धरला, तर अर्ध्या तासात कंबर धरते आणि लाकूड निसटते. त्याला उभ्याने काम करता येईल असे जड, न हलणारे टेबलच हवे.

आता उंची. सरळ उभे राहून हात सैल सोडावेत. जमिनीपासून मनगटापर्यंतचे अंतर मोजावे. नव्या माणसासाठी हेच माप सोयीचे. सव्वापाच फूट उंचीच्या मुलीचे ते साधारण ३१ इंच भरते, पावणेसहा फुटी वडिलांचे ३३-३४ इंच. दोन-तीन इंचांचा हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण रंधा मारताना खांद्याला जाणवतो. वडील म्हणणार, ‘मधले माप घेऊ.’ ते घेऊ नये. टेबल जिचे, माप तिचे. आपल्या घरोघरच्या ओट्यांची उंची बहुधा गवंड्याने ठरवली, आणि त्यावर जन्मभर पोळ्या लाटणाऱ्या बाईला कुणी विचारले नाही. निदान हे टेबल तरी करताना तीच चूक नको.

पृष्ठभागासाठी १८ मिलिमीटर जाडीचा ८ फूट बाय ४ फुटांचा एकच प्लायवुड घ्यावा. दुकानातच त्याचे ४ बाय २ चे चार तुकडे करून मिळतात. करवतीच्या धारेत थोडे लाकूड जाते, म्हणून प्रत्येक तुकडा किंचित कमी भरेल, हरकत नाही. तीन तुकडे एकावर एक चिकटवले की ५४ मिलिमीटर, म्हणजे २ इंच आणि एक सूत जाडीची, सुमारे पंचवीस किलोची फळी तयार होते. चौथा तुकडा खालच्या कप्प्याला. फेव्हिकॉल सगळीकडे सारखा पसरावा. शिकंजे नसतील तर सपाट फरशीवर ठेवून वर धान्याचे भरलेले डबे मांडावेत आणि रात्रभर हलवू नयेत. स्क्रू मारायचे ते खालून. वरून मारलेला एखादा स्क्रू पुढे रंध्याच्या पात्याला लागला, तर पात्याचा कोपराच उडतो.

पायांसाठी वखारीतून ३ बाय ३ इंचाचे पाइन आणावे. साग उत्तम खरा, पण पहिल्या टेबलावर चुका होणार आहेत आणि सागावरची चूक महागात पडते. प्रत्येक नग एका टोकाने डोळ्यासमोर धरून पाहावा, पीळ किंवा वाक असेल तर परत ठेवावा. वखारवाला वैतागतो, वैतागू द्यावा.

पाय कापताना हमखास होणारी चूक अशी: टेबल ३१ इंच हवे म्हणून पायही ३१ इंच कापले जातात. वरच्या फळीची जाडी वजा करायची राहते! पाय हवेत २८ इंच सात सूत. लेकीने ३१ वर खूण केलेली वडिलांना दिसते. आता काय करावे? करवत हातातून घेऊ नये. तिने ती हाताळलीच नाही तर टेबल वडिलांचे होईल. पण गप्प बसून लाकूडही वाया घालवू नये. ‘यात वरची फळी धरलीस का?’ एवढेच विचारावे आणि थांबावे. बाकी कापाची रेघ वाकडी जाणे, करवत अडकणे, घाम पुसणे, हे तिचे तिला करू द्यावे. निवृत्त माणसाला याहून अवघड काम क्वचितच मिळते.

दोन-दोन पाय आडव्या पट्ट्यांनी जोडून दोन चौकटी कराव्यात. हे सांधे डिंक आणि स्क्रूचे, कायमचे. लांबीच्या चार पट्ट्या मात्र नटबोल्टने बसवाव्यात. पट्टी दीड इंच जाड, वरच्या दोन सहा इंच रुंद. प्रत्येक सांध्याला दोन बोल्ट, एकूण सोळा. एका बोल्टवर पट्टी बिजागरीसारखी फिरते आणि टेबल डुलते. बोल्ट तीन सुती, साडेपाच इंच लांब, दोन्हीकडे वायसर. पाय आणि पट्टी एकत्र घट्ट धरून एकदमच भोक पाडावे, म्हणजे भोके जुळतात. प्रत्येक जोडीवर पेन्सिलीने आकडा घालावा. आवळण्याआधी दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले की चौकट काटकोनात आहे असे समजावे. खालच्या कप्प्यावर विटा ठेवल्या तर टेबल जागचे हलत नाही. शेगडा पुढच्या पगारात घेता येतो.

बोल्ट आहेत म्हणूनच हे टेबल लेकीबरोबर तिच्या भाड्याच्या घरी जाऊ शकते. तिकडे ते जोडायला पाने मात्र दोन लागतात. एकाने बोल्टचे डोके धरायचे, दुसऱ्याने नट फिरवायचा. लाकूड वाळून आकसते, त्यामुळे पहिला पावसाळा सरला की सोळाही बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. वडिलांनी दिवाळीच्या सुमारास तिकीट काढावे, पाना पिशवीत टाकावा.