हालचालीला प्रतिसाद देणारी संगणकीय मांडणशिल्पे : यंत्राची दृष्टी आणि प्रेक्षकाचे स्थान

प्रस्तावना

भिंतीवरील चित्रासमोर प्रेक्षक उभा असो वा नसो, चित्रातील रंग बदलत नाहीत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र प्रेक्षकाच्या हालचालीनुसार बदलणारी संगणकाधिष्ठित मांडणशिल्पे निर्माण होऊ लागली. अशा कलाकृतींत प्रेक्षक हा सहनिर्माता असतो, असे सर्वसाधारणपणे म्हटले जाते. हे विधान अंशतःच खरे आहे. यंत्राने प्रेक्षकाचे नेमके काय टिपावे आणि काय वगळावे, हे प्रेक्षक दालनात येण्यापूर्वीच ठरलेले असते. या पूर्वनिर्णयाचे स्वरूप व परिणाम निवडक कलाकृतींच्या आधारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

पूर्वपीठिका

या कलाप्रकाराच्या आद्य प्रवर्तकांत अमेरिकन संगणकतज्ज्ञ व कलावंत मायरन क्रूगर यांची गणना होते. 1969 मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठात सादर झालेल्या ‘ग्लोफ्लो’ या सामूहिक प्रकल्पात त्यांचा सहभाग होता. तेथील जमिनीत दाब ओळखणारे संवेदक बसविलेले होते आणि प्रेक्षकाचे पाऊल पडल्यावर दालनातील प्रकाश व ध्वनी बदलत असत. तथापि, प्रतिसाद हेतुपुरस्सर विलंबाने दिला जात असल्याने हा बदल आपल्यामुळे घडतो, हे अनेकांच्या लक्षात येत नसे. प्रतिसाद हेच या कलेचे खरे माध्यम होय, हा विचार क्रूगर यांनी या अनुभवानंतर मांडला. 1970 च्या दशकात त्यांनी विकसित केलेल्या ‘व्हिडिओप्लेस’मध्ये कॅमेरा प्रेक्षकाची छायाकृती टिपत असे आणि पडद्यावरील संगणकनिर्मित आकृती त्या छायाकृतीशी खेळत असत.

यंत्राच्या पाहण्याच्या पद्धती

मनुष्य समोरच्या व्यक्तीला ‘व्यक्ती’ म्हणून ओळखतो. येथे विचारात घेतलेल्या कलाकृतींतील यंत्र मात्र प्रामुख्याने काही मोजक्या राशी मोजते. त्यांपैकी तीन पद्धती महत्त्वाच्या आहेत.

पहिली पद्धत हालचालीची. कॅनडातील कलावंत डेव्हिड रोकबी यांची ‘व्हेरी नर्व्हस सिस्टिम’ ही कलाकृती 1986 च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात मांडली गेली. तीत कॅमेऱ्याच्या लागोपाठच्या चौकटींची तुलना करून त्यांतील फरक शोधला जातो आणि त्या फरकाचे संगीतात रूपांतर होते. प्रेक्षक निश्चल उभा राहिला, तर फरक शून्य होतो. यंत्राच्या दृष्टीने त्या क्षणी तेथे कोणीही नसते.

दुसरी पद्धत काळोखाची. कॅमिल अटरबॅक व रोमी अकितुव यांच्या ‘टेक्स्ट रेन’ (1999) या कलाकृतीत प्रेक्षक पडद्यावर स्वतःची कृष्णधवल प्रतिमा पाहतो आणि वरून पडणारी अक्षरे त्याच्या हातांवर व खांद्यांवर येऊन थांबतात. ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक गडद भाग आढळला की अक्षर थांबते, एवढाच येथील नियम आहे. तो गडद भाग हाताचा आहे, छत्रीचा आहे की ओढणीचा, याच्याशी यंत्राला कर्तव्य नसते.

तिसरी पद्धत अंतराची. मायक्रोसॉफ्टने 2010 मध्ये बाजारात आणलेल्या ‘किनेक्ट’ या उपकरणाने अवरक्त किरणांच्या साहाय्याने प्रत्येक बिंदूचे अंतर मोजणे अल्प खर्चात शक्य केले. त्यामुळे खोलीतील उजेडावरचे अवलंबित्व कमी झाले आणि अनेक कलावंतांनी ते उपकरण स्वीकारले. त्याचे उत्पादन 2017 मध्ये थांबविण्यात आले. परिणामी, त्यावर आधारित कलाकृतींच्या जतनाचा प्रश्नही उपस्थित झाला.

वगळले जाण्याचा प्रश्न

प्रत्येक मोजमापाला मर्यादा असतात आणि त्या मर्यादेबाहेरचा प्रेक्षक कलाकृतीबाहेर पडतो. ‘रँडम इंटरनॅशनल’ या कलावंत-समूहाची ‘रेन रूम’ ही कलाकृती 2012 मध्ये लंडनच्या बार्बिकन केंद्रात प्रथम मांडली गेली. तीत त्रिमितीय कॅमेरे प्रेक्षकाचे स्थान ओळखतात व तो जेथे असेल तेवढ्याच भागातील पाऊस थांबवितात. तथापि, गडद अथवा चकचकीत वस्त्रे यंत्राला नीट ओळखता येत नसल्याने ती टाळावीत, अशी सूचना काही प्रदर्शनांत प्रेक्षकांना देण्यात आली होती. ‘टेक्स्ट रेन’मध्ये गडद रंग हीच अस्तित्वाची खूण, तर येथे तोच रंग अदृश्यतेचे कारण ठरतो. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते : यंत्राची दृष्टी तटस्थ नसून ती रचलेली असते.

सहभाग आणि पाळत

प्रेक्षकाला प्रतिसाद देण्यासाठी त्याच्यावर सतत लक्ष ठेवावे लागते. हेच तंत्र रस्त्यावरील टेहळणी कॅमेऱ्यांतही वापरले जाते. रोकबी यांनी ‘टेकन’ (2002) या कलाकृतीत हे नाते उघड केले. तीत यंत्र प्रेक्षकाच्या डोक्याचा भाग वेगळा टिपते व त्याला एखादे विशेषण चिकटवते. याउलट, राफाएल लोझानो-हेमर यांच्या ‘बॉडी मूव्हीज’ (2001, रॉटरडॅम) मध्ये चौकातील इमारतीवर छायाचित्रे प्रक्षेपित केली होती. परंतु प्रखर प्रकाशझोतामुळे ती दिसत नसत. पादचाऱ्यांच्या सावल्या भिंतीवर पडल्या की त्या सावल्यांच्या आत ती प्रकट होत. सर्व छायाचित्रे प्रकट झाल्याचे यंत्राने ओळखल्यावरच नवा संच येत असे. त्यामुळे अपरिचित लोकांना परस्परांशी सहकार्य करावे लागे. तंत्र तेच असले तरी एका ठिकाणी ते माणसावर शिक्का मारते, तर दुसऱ्या ठिकाणी माणसांना एकत्र आणते.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, या कलाकृतींचे मूल्यमापन केवळ त्यांच्या चमत्कृतीवरून करणे अपुरे आहे. यंत्र काय मोजते, त्या मोजमापातून कोण वगळले जाते आणि टिपलेल्या प्रतिमेचे पुढे काय होते, हे तीन प्रश्न प्रत्येक कलाकृतीला विचारले पाहिजेत. पहिल्याचे उत्तर भौतिकशास्त्र व संगणकशास्त्र देऊ शकेल. उर्वरित दोहोंसाठी समाजशास्त्र, नीतिशास्त्र व सौंदर्यशास्त्र यांची आवश्यकता आहे. विविध शाखांच्या प्राध्यापकांनी एकत्र येऊन अभ्यासावा, असा हा विषय आहे.