खुर्चीतले गिऱ्हाईक आणि गळणारे केस

जानेवारी २०२५ मधली गोष्ट. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, कठोरा या गावांत माणसांचे केस चार-आठ दिवसांत मुठीमुठीने हातात येऊ लागले. त्याच दिवसांत तिकडचा एक पाहुणा वाशिमच्या माझ्या दुकानात कटिंगला आला. डोके मधेमधे उघडे पडलेले. मी म्हणालो, "भाऊ, आज जमणार नाही." तो काही बोलला नाही. टोपी घातली आणि निघून गेला. ‘टक्कल व्हायरस’ हे नाव तोवर घरोघरी पोहोचले होते. मीही घाबरलो होतो.

आधी पाण्यावर, शांपूवर, बुरशीवर संशय घेतला गेला. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथल्या रुग्णांची तपासणी करून वेगळेच मांडले. रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम फार वाढलेले होते, जस्त कमी होते, आणि त्यांनी बोट ठेवले खाण्यातल्या गव्हावर. म्हणजे एकाचे दुसऱ्याला लागण्यासारखे त्यात काही नव्हते. बऱ्याच जणांचे केस नंतर परत आले. मी परत पाठवलेला माणूस मात्र तसाच गेला.

तेव्हापासून मी कात्री उचलण्याआधी डोके नीट बघतो आणि विचारतो. केस गळतात की तुटतात, हे पहिले. कंगव्यातला केस उजेडात धरावा. टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून आला. नसेल तर मधेच तुटला. तुटणाऱ्याला औषधापेक्षा विश्रांती हवी: रिबॉन्डिंग, वारंवार रंग, गरम ड्रायर बंद. घट्ट वेण्या घालणाऱ्या मुलींचे कपाळाजवळचे केस ओढ बसून विरळ होतात, हे आयांना सांगावे लागते.

मुळापासून जात असतील तर मागच्या दोन-तीन महिन्यांचे विचारावे. टायफॉइड, डेंग्यू, मोठा ताप, बाळंतपण. तापाचा हिशेब केस असा उशिरा चुकता करतात. गिऱ्हाईक तेल बदलत बसते, आणि केस बहुधा काही महिन्यांत आपोआप भरून येतात. दिवसाला पन्नास ते शंभर केस तर प्रत्येकाचेच जातात. "टक्कल करा, दाट येतील" असे आमच्या धंद्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. मीही सांगत असे. वस्तऱ्याने मुळे वाढत नाहीत.

गुळगुळीत, गोल चट्टा म्हणजे बहुधा चाई. ती लागत नाही. पण लहान मुलाच्या डोक्यावर कोंड्यासारखी पापुद्री, तुटके खुंट आणि खाज असेल तर गजकर्ण समजावे. ते कंगव्याने, मशीनने पसरते, आणि नुसत्या मलमाने डोक्यावरचे बरे होत नाही, पोटातून गोळ्या लागतात. अशा मुलाला हाकलू नये. आईला बाजूला घेऊन डॉक्टरकडे पाठवावे आणि अवजारे जंतुनाशकाने धुवावीत. एकाएकी केस जाणे, भुवया जाणे, पू, नखे खराब होणे, यातले काहीही दिसले तर आपले ज्ञान पाजळू नये. बायकांना फार थकवा असेल तर रक्त आणि थायरॉइड तपासायला सांगावे.

रंगाबद्दल मी हट्टी झालो आहे. काळ्या रंगात आणि ‘काळी मेहंदी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांतही बहुधा पीपीडी नावाचे रसायन असते. काहींचे डोळे त्याने सुजून बंद होतात. म्हणून कोपराच्या आत थेंबभर लावून दोन दिवस थांबा म्हणतो. लग्नाच्या आदल्या दिवशी आलेला नवरदेव यावर चिडतो. तरी मी रंग लावत नाही, आणि तो समोरच्या दुकानात जातो.